कडीवरची रेघ

हिरवा खडा उन्हाकडे धरून एका डोळ्याने पाहिलं की समोरचं सगळं पाण्याखाली जातं. दुकानाची पायरी, पलीकडच्या दुकानात टांगलेली दोरखंडं, टोकावड्याकडे निघालेली एसटी, तिच्यामागे धावणारा माणूस, सगळं हिरव्या पाण्यातून सावकाश चालल्यासारखं दिसतं. हा खेळ मला वडिलांनी दाखवला. त्यांच्या लेखी तो खेळ नव्हता. खड्याच्या पोटात काय आहे ते बघायला मी शिकावं, म्हणून त्यांनी तो माझ्या डोळ्याला लावला होता. मी मात्र किती तरी वेळ रस्ताच बघत राहिलो.

तो खडा पुढे एका पदकात बसला. त्या पदकाविषयी जे बोलायला हवं होतं ते मी जवळजवळ चाळीस वर्षं बोललो नाही. आता मला अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली. हात कापतात, डोळे अजून बरे आहेत. त्या दिवशी त्या अंगणात जी माणसं होती त्यांतली बरीचशी राहिली नाहीत. पण जे चारचौघांत चुकीचं बोललो ते चारचौघांतच दुरुस्त करायला हवं, म्हणून लिहितो आहे. कुणाचं नाव घालत नाही. ज्यांना ओळखायचं ते खड्यावरून ओळखतील.

खडा हिरव्या करवंदाएवढा होता. त्याच्या पोटात डाव्या अंगाला एक पांढुरकी तिरपी खूण होती, बगळ्याचं गळालेलं पीस असावं तशी. पदक हलवलं की ते पीस तरंगल्यासारखं वाटे. पाचू म्हणून तो मुंबईहून आला होता. खरा पाचू होता की नाही हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. आमच्या धंद्यात खड्याला परतीची किंमत नसते. दागिना मोडायला आला की खडा काढून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा आणि सोन्यापुरतं बोलायचं. त्यामुळे एकदा बसलेल्या खड्याकडे सोनार पुन्हा फारसं बघत नाही. मी बघायचो, ते पिसासाठी.

पदक घडवलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दुकान मुरबाडच्या बाजारगल्लीत होतं. वजनाला गुंजा असत, लाल आणि डोक्याशी काळ्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. वडिलांच्या काट्याची पितळी पारडी माझ्या तळहातापेक्षा लहान होती आणि ती रेशमी दोऱ्यांवर इतकी हलकी टांगलेली असत की तोलताना ते मला श्वास धरून ठेवायला सांगत. त्या शांततेत पारडी खालीवर होत, मग कमी खालीवर होत, मग थांबत. इतकं निवांत काही मी नंतर बघितलं नाही. त्यांनी आधी खडा एकटा तोलला: एक मासा दोन गुंजा. कोंदणात बसवल्यावर सगळं मिळून तोललं: नऊ मासे चार गुंजा. दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहिले, म्हणजे पुढे कोणालाही सोनं किती आणि खडा किती ते वेगळं करता यावं. कोंदण पाठीमागून उघडं ठेवलं. आत लाख भरली असती तर लाखेचं वजन सोन्यात धरलं असं कोणी म्हणालं असतं, आणि खड्यातून उजेडही आरपार गेला नसता.

पदक ज्यांनी घडवून घेतलं ते टोकावड्याच्या अलीकडच्या एका गावातलं शेतकरी घर होतं. भाताची जमीन, जुनं नाव. पदक त्या घरच्या सासूच्या गळ्यात राहिलं आणि तिने ते पुढे धाकट्या सुनेच्या गळ्यात घातलं. ही सून शहापूर तालुक्यातल्या शेणव्याची. तिला एक भाऊ होता, तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा.

सासू वारली त्या वर्षी वाटणी निघाली. आमच्याकडे वाटणीच्या दिवशी सोनाराला घरी बोलावतात. तो काटा आणि कसोटी घेऊन जातो, अंगणात घोंगडी टाकतात, घरातलं सोनं एका ताटात येतं आणि प्रत्येक डाग, म्हणजे दागिना, सगळ्यांच्या देखत तोलून, घासून, त्याचं वजन आणि कस मोठ्याने सांगायचा असतो. सोनार जे बोलेल ते शेवटचं. न्यायाधीशालाही इतका मान मिळत नसेल. मी चाळिशीचा होतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तो मान मला आवडत असे, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

कसोटी म्हणजे काळा, गुळगुळीत, हाताच्या पंजात मावणारा दगड. त्यावर दागिना घासला की सोन्याची बारीक रेघ उमटते. शेजारी ठरलेल्या कसाच्या सळीची रेघ ओढायची आणि दोन्हींवर तेजाबात बुडवलेली काचेची कांडी फिरवायची. चांगल्या सोन्याची रेघ राहते. हलक्या सोन्याची हिरवट होते आणि डोळ्यांदेखत विरते. वडिलांनी सांगून ठेवलं होतं की दागिना तीन ठिकाणी घासायचा, कडीला, कडेला आणि पाठीला. शिवाय त्याच्या तोंडाला दगड लावायचा नाही, तोंडावरचं नक्षीकाम बाईच्या जिवाचं असतं.

त्या दिवशी मी पदक एकदाच घासलं, कडीला.

का, याची कारणं आहेत, पण सगळी लहान आहेत. पाठीचा भाग पातळ होता, कडेला बारीक तारेचा गोठ होता, तो बिघडू नये असं वाटलं. ताटात अजून बरंच सोनं होतं. भाताच्या पेंढ्याचा वास, कोवळं ऊन, चहा पुढ्यात आलेला. सकाळपासून प्रत्येक डाग चोख निघत होता आणि हातांना त्याची सवय लागली होती. कडी ही घासायला सोयीची जागा, तिथली खूण दिसत नाही.

सळीची रेघ राहिली. पदकाची गेली.

घरचे म्हातारे, म्हणजे तिचे सासरे, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "काय झालं, शेट?"

"कस उतरलाय," मी म्हणालो. "हे बावीसचं नाही. चौदाच्याही आतलं आहे."

 मी चिठ्ठी मागवली आणि पदक तोललं. वजन गुंजेपर्यंत जुळलं. मी तेही मोठ्याने सांगितलं. धाकट्या मुलाने, तिच्या नवऱ्याने, हळूच विचारलं की वजन बरोबर आहे तर मग वस्तू तीच असेल ना. त्यावर म्हाताऱ्यांनी मला विचारलं की कोणी दुसरं करून वजन जुळवू शकतं का. मी मान हलवली. जुळवता येतं. हे खोटं नव्हतं.

मोठी सून ओटीच्या खांबाला टेकून उभी होती. ती कोणाकडेही न बघता म्हणाली, "दिवालीला म्हायेरी जाऊन आलंय ते आठ दिस. म्हायेरची हवा लागली असंल."

कोणीतरी हसलं. धाकट्या सुनेने हसणाऱ्याकडे बघितलंच नाही. तिच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी होती. ती सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "परत एकदा घासा ना, शेट."

मी म्हणालो, "वहिनी, दगड खोटं बोलत नाही. त्याला दोनदा विचारायचं नसतं."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा मला ते चांगलं वाटलं होतं. म्हातारेही मान डोलावत होते. पदक कोणी वाटणीत धरलं नाही. तुझं तुला ठेव, असं म्हणून ते तिच्याकडे सरकवण्यात आलं. खडा उन्हात हिरवा झाला, पीस एकदा तरंगलं आणि तिची मूठ मिटली.

संध्याकाळी दुकानात कसोटी पुसायला घेतली. खोबरेल तेलाचा हात फिरवून दिवसभराच्या रेघा काढायच्या असतात. एकेक रेघ पुसताना कुठली कोणाची ते हाताला आठवत होतं, पाटल्या, ठुशी, मग ती. विरलेली रेघ म्हणजे दगडावर नुसती जागा उरते, पाणी सुकल्यासारखी. त्या जागेवर बोट ठेवलं आणि मला ती कडी आठवली.

पाच वर्षांपूर्वी, धाकट्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा, म्हातारे स्वतः ते पदक घेऊन माझ्याकडे आले होते. सासूच्या गळ्यात घासून घासून कडी झिजली होती, तुटायच्या बेतात होती. लग्नसराईची गर्दी होती. नवी कडी करायची तर बावीसचं सोनं ओढून तार करायची, वळवायची, जोडायची. मी तसं केलं नाही. झिजलेल्या कडीवर झाळ चढवली आणि तिलाच कडीचा आकार दिला. झाळ म्हणजे सोन्याला सोनं जोडायचं हलकं सोनं. ते मुद्दाम हलक्या कसाचं करतात, कारण जोड देताना ते मूळ दागिन्याच्या आधी वितळायला हवं. जोडापुरती झाळ सगळेच लावतात. अख्खी कडी झाळीची करणं म्हणजे कामचुकारपणा. वर सोन्याचं पाणी देऊन मी ती चकाकवली. म्हातारे पदक हातरुमालात बांधून घेऊन गेले.

म्हणजे अंगणात मी जे घासलं ते माझंच काम होतं. त्या सुनेने त्या पदकाला हात लावण्याआधीचं.

कसोटी हातात तशीच राहिली. बाहेर बाजार उठत होता. एवढंच करायचं होतं, सकाळच्या पहिल्या एसटीने जाऊन सांगायचं, की मी एकाच ठिकाणी घासलं आणि ते ठिकाण मीच बिघडवलेलं होतं. दोन वाक्यं. पण पहिल्या वाक्याने वाटणीतलं बाकीचं सोनंही संशयात येणार होतं आणि दुसऱ्याने मी. मी उद्यावर टाकलं. आठवडी बाजाराला म्हातारे भेटले, मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले की तुमच्या दगडामुळे घरातलं कळलं, नाहीतर आम्ही अंधारात राहिलो असतो. मी त्यांना चहा पाजला.

पुढच्या दिवाळीनंतर कानावर आलं की तिचा भाऊ भाऊबीजेला फराळाचा डबा घेऊन आला होता आणि फाटकातूनच परत गेला. त्यानंतर तो त्या गावात दिसला नाही. ती शेणव्याला जायची थांबली. सासरच्यांनी त्याला हाकललं असणार, असं मी धरून चाललो. माझ्यामुळे एका बाईचं माहेर तुटलं. एवढं मला कळत होतं, आणि एवढंच कळत होतं.

मग ते स्वप्न सुरू झालं. कधी वर्षात एकदा, कधी महिन्यात दोनदा. मी तानसा धरणाच्या भिंतीवर उभा असतो. खाली तलाव खड्यासारखा हिरवा, कुठेही लाट नाही. तळाशी ते पीस दिसतं, पांढरं, तिरपं. मला ते काढायचं असतं आणि माझ्या हातात चिमटा असतो, आमचा नेहमीचा, वीतभर. मी वाकतो. पाणी खाली खाली जात राहतं. मागे कोणीतरी पारडी धरून उभं असतं आणि मला श्वास रोखायला सांगतं. जाग आली की छाती खरंच भरलेली असे. बायकोला मी कधी सांगितलं नाही. ती विचारायची, मी पित्तावर ढकलायचो.

अशी वर्षं गेली. गुंजा गेल्या, ग्रॅम तर आधीच आले होते, मग इलेक्ट्रिक काटे आले, काचेच्या पेटीतले, श्वासाने हलणारे. मुलाने शहापुरात दुकान टाकलं आणि मी त्याच्याकडे राहायला आलो. आता दागिन्याला हॉलमार्कचा नंबर असतो आणि कस बघायला मशीन. दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचं, अर्ध्या मिनिटात पडद्यावर आकडे. रेघ नाही, तेजाब नाही, वासही नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो. गिऱ्हाइकं मला आजोबा म्हणतात आणि मुलगा मला काही करू देत नाही.

यंदा होळीनंतर एक मुलगी आली, कॉलेजला जाणारी. तिने पर्समधून प्लॅस्टिकची डबी काढली आणि मुलाला सांगितलं की सोनं खोटं आहे, आजीच तसं म्हणते, पण खडा बरा आहे, तो काढून चांदीत बसवून द्या. आजीने मला दिलाय. मुलाने पदक ट्रेवर ठेवलं आणि ट्रे माझ्या बाजूला सरकला.

दुपारचं ऊन काचेतून त्यावर पडलं होतं. पीस तरंगलं.

मी उठलो. मुलाला म्हणालो, खडा काढू नकोस, आधी मशीनमध्ये ठेव. कडीला बघ, कडेला बघ, पाठीला बघ. तो म्हणाला, "बाबा, ती म्हणतेय ना खोटं आहे." मी म्हणालो, तीन ठिकाणी. माझ्या आवाजात काहीतरी असावं, त्याने ठेवलं. कडीचा आकडा शेकडा साठाच्या आत आला. कडेचा एक्याण्णवच्या वर, म्हणजे बावीसचा. पाठीचा त्याहून जरा जास्त. मुलगा पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नुसती कडीच हलकी आहे. कोणी केलंय हे काम?"

"मी," मी म्हणालो.

त्या मुलीला मी तिच्या आजीचं माहेर विचारलं. ती म्हणाली शेणवा, पण आम्ही जात नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने मला गाडीतून टोकावड्याकडे, त्या गावाला नेलं. आम्ही ती मुलगी घेऊन तिच्या आजीकडे गेलो. वाटेत पळस फुलला होता आणि माळशेजकडचे डोंगर उन्हाच्या धुरात इतके फिके होते की आहेत की नाहीत ते कळू नये. अंगण तेच होतं. पेंढ्याच्या उडवीच्या जागी मोटरसायकल उभी होती. ती ओटीवर चिंचा फोडत बसली होती. साठी उलटलेली. नवरा दोन वर्षांमागे गेल्याचं नातीने गाडीत सांगितलं होतं. मला तिने लगेच ओळखलं. पाणी दिलं. मी पाणी न पिता सगळं सांगून टाकलं, कडी, झाळ, एकदाच घासणं, बाजारातला चहा. मुलगा आणि नात उभे होते. माझा मुलगाही हे पहिल्यांदा ऐकत होता.

ती चिंचा फोडत राहिली. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला. मग म्हणाली, "माज्यावर आळ आला त्याचं मला काय वाटलं नाय, शेट. मी नाय केलं ते मला ठाव व्हतं."

मी म्हणालो की तुमच्या सासरच्यांनी भावाला दारातून परत पाठवलं, तेही माझ्यामुळेच.

तेव्हा तिचा हात थांबला. "कोनी पाठवलं? सासऱ्यानं तर त्याला ये म्हनलं. मी फाटकात गेले. मी इचारलं त्याला." ती माझ्याकडे बघत होती, त्या दिवशीसारखी. "मी नाय केलं, मग कोनी केलं? आठ दिस पदक त्याच्या पेटीत, चावी त्याच्या कमरंला. दगड खोटं बोलत नाय, तुमीच म्हनलात. मंग मी माज्या भावाला इचारलं, दादा, तू बदललंस का रे? त्यानं डबा खाली ठेवला आन् गेला."

 इतकी वर्षं मी ज्या चुकीचं ओझं वाहत होतो ती चूक निराळीच निघाली. सासरच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही एवढंच मला माहीत होतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता, हे माहीत नव्हतं. भावापेक्षा जास्त.

आई वारली तेव्हा ती शेणव्याला गेली होती, पण दोघं बोलली नाहीत. भाऊ आहे, नातीने सांगितलं. डोळे गेलेत त्याचे.

मी तिला म्हणालो, चला. तिने विचारलं, "काय सांगू त्याला?" मी म्हणालो, तुम्ही काही सांगू नका, मी सांगतो. तिने पदर नीट केला, फोडलेल्या चिंचा टोपलीत भरल्या आणि टोपली गाडीत घेतली. रिकाम्या हाताने कसं जायचं, एवढंच बोलली.

मुरबाडवरून पुन्हा शहापूरच्या बाजूला निघालो. गाडीत चिंचेचा वास होता. मला थोडी डुलकी लागली आणि डुलकीत हिरवं पाणी आलं, पण या वेळी भिंत नव्हती, मी पाण्याच्या पातळीलाच बसलो होतो. जाग आली तेव्हा शेणवा आलं होतं.

भाऊ दारासमोरच्या आंब्याखाली खाटेवर बसला होता, डोळे उघडे पण कुठे न बघणारे. त्याच्या सुनेने आम्हाला येताना बघून सांगितलं असावं, कारण आम्ही बसायच्या आधीच त्याने चेहरा बहिणीच्या दिशेला वळवला होता. मी त्याला सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं नव्हतं. तो ऐकत होता आणि अधूनमधून हं म्हणत होता, बियाण्याचा भाव ऐकावा तसा.

शेवटी म्हणाला, "दगड आनलाय का?"

आणला होता. मशीनचा कागद मुलाच्या खिशात होता, पण वडिलांची कसोटी मी पिशवीत टाकली होती, का ते निघताना कळलं नव्हतं. तेजाबाची बाटली मुलाने दुकानातल्या जुन्या सामानातून काढून घेतली होती, माझ्या सांगण्यावरून.

"घासा," तो म्हणाला. "तिच्या देखत."

मी खाटेच्या कडेवर बसलो. माझे हात कापत होते, म्हणून नातीने माझं मनगट धरलं. पहिली रेघ कडीची ओढली. दुसरी कडेची. तिसरी पाठीची, कोंदणाच्या उघड्या खिडकीशेजारी, जिथून खड्याचा हिरवा उजेड दगडावर पडत होता. वडिलांच्या शब्दाप्रमाणे तोंडाची रेघ ओढली नाही. तीन रेघा काळ्या दगडावर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, सारख्याच पिवळ्या. मग तेजाबाचा थेंब.

"काय दिसतंय गो?" भावाने विचारलं.

ती दगडावर वाकली होती. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागत होतं. "हाय अजून," ती म्हणाली. "तिनी हायत." आंब्यावरून मोहोराचे कण पडत होते, एक दगडावर पडला, तिने तो फुंकरला. "कडीची हिरवी झाली. गेली. गेली बघ दादा. दोन राहिल्या."

"परत घासा," तो म्हणाला.

मी दगड उलटा केला आणि परत घासलं. तिने परत सांगितलं, एक गेली, दोन राहिल्या. तिसऱ्यांदा तो काही म्हणाला नाही, मीच घासलं.

 मग त्याने मला विचारलं की अशा कडीला सोनं किती लागलं असतं. मी म्हणालो, दोन गुंजा, फार तर अडीच. त्याने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, बोटात गुंज धरल्यासारखी. "दोन गुंजा," तो म्हणाला. मी मान खाली घातली. त्याला ते दिसलं नाही, पण मला वाटतं कळलं.

ती हातात पदक घेऊन उभी होती. काय करावं ते तिला सुचत नव्हतं. पाया पडावं, रडावं, परत गाडीत बसावं. तो तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "बाय, पावन्यांना चा टाक ना. सून वासरू बांधायला गेली हाय."

ती तशीच उभी राहिली.

"साकर कुठं असती तुला ठाव हाय."

ती आत गेली. आम्ही बाहेर बसलो, मी, माझा मुलगा, तिची नात आणि तो. मुलाने हळूच विचारलं की कडी काढून बावीसची बसवू ना. नात म्हणाली, चांदी नको, असंच ठेवायचं. मी म्हणालो, कडी मी करीन, तू फक्त हात धर. आतून भांड्यांचे आवाज येत होते, एक झाकण पडलं, एक डबा उघडला, मिटला, दुसरा उघडला. भाऊ कान देऊन ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, माझ्या धंद्यात त्याला माप नाही.

मग आतून आवाज आला, थोडा चिडका, घरच्या माणसाचा असतो तसा.

"दादा, साकर हलवलीस काय रे?"

"खालच्या फळीवर बघ," तो म्हणाला. "तुजी वहिनी गेल्यापासून खाली असती."

मी कसोटी मांडीवर धरून बसलो होतो. रेघा पुसायला खोबरेल तेल मागावं असं एकदा मनात आलं. मागितलं नाही.